‘व्हेअरॅज’ म्हणजे ‘तर’ की ‘ज्याअर्थी’? परीक्षेत एक अर्थ, नोटिशीत दुसरा. जाणून घ्या फरक

धाराशिव : स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना ‘व्हेअरॅज’ हे इंग्रजी उभयान्वयी अव्यय विरोध दाखवणारे म्हणून माहीत असते. पण बँकेच्या इंग्रजी नोटिशीची सुरुवातच याच शब्दाने होते आणि तिथे त्याचा विरोधाशी संबंध नसतो. नेमका फरक काय?

परीक्षेतला अर्थ
‘परंडा किल्ल्याभोवती खंदक आहे, तर नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीचे पाणी अडवले आहे.’ यातील ‘तर’च्या जागी इंग्रजीत ‘व्हेअरॅज’ येतो. दोन्ही गोष्टी खऱ्या, फक्त शेजारी ठेवून फरक दाखवलेला.

‘ऑल्दो’ वेगळा. ‘पाऊस चांगला झाला, तरी विहीर भरली नाही.’ इथे अपेक्षाभंग आहे. सोपी खूण : मराठीत ‘तर’ बसला तर व्हेअरॅज, ‘तरी’ बसला तर ऑल्दो. ‘व्हाइल’ फरकही दाखवतो आणि ‘त्याच वेळी’ असेही सांगतो. व्हेअरॅजमध्ये वेळेचा अर्थ नाही.

नोटिशीतला अर्थ
कायद्याच्या भाषेत वाक्याच्या सुरुवातीचा व्हेअरॅज म्हणजे ‘ज्याअर्थी’. तो पार्श्वभूमी सांगतो. निर्णय पुढे येतो. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची प्रस्तावनाही याच शब्दाने सुरू होते.

सरफेसी कायद्याखालील २००२ च्या नियमांत ताबा नोटिशीचा नमुना दिला आहे. त्याचा आशय असा : ज्याअर्थी बँकेने मागणी नोटीस देऊन ६० दिवसांत रक्कम भरण्यास सांगितले आणि कर्जदाराने ती भरली नाही, त्याअर्थी मालमत्तेचा ताबा घेतला आहे. इथे ‘परंतु’ असा अर्थ लावला, तर बँक काही सवलत देतेय असा गैरसमज होऊ शकतो.

नोटीस आल्यास काय पाहाल?
• मागणी नोटिशीची तारीख आणि रक्कम
• ताबा घेतल्याची तारीख. या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे (डीआरटी) दाद मागण्यासाठी ४५ दिवसांची मुदत असते.
• तारण शेतजमीन आहे का? शेतजमिनीवरील तारणाला सरफेसी कायदा लागू होत नाही.

ताबा नोटीस स्थानिक भाषेतील वृत्तपत्रातही छापणे नियमाने बंधनकारक आहे. इंग्रजी प्रत कळली नाही, तर मराठी नोटीस शोधा आणि मुदत संपण्याआधी वकिलाला दाखवा.