परतवलेला रक्तदाता

रक्ताचा कारभार : लेखांक पाचवा

गेल्या आठवड्यात आपण रक्ताच्या पिशवीचा प्रवास पाहिला. दात्याच्या दंडातून ती भरली गेल्यापासून तिच्यातील लाल पेशी, प्लेटलेट आणि रक्तद्रव वेगळे होऊन रुग्णाच्या खाटेपाशी पोचेपर्यंत तिला कोणकोणत्या हातांखालून जावे लागते, ते त्या लेखांकात आले होते. ते लिहिताना एक गोष्ट मी मुद्दाम आजच्यासाठी राखून ठेवली. ज्या खिडकीपासून हा प्रवास सुरू व्हायचा, त्या खिडकीपर्यंत पोचूनही पुष्कळ माणसे रक्त न देताच घरी परततात, आणि त्यांची गणना कोणाच्याही अहवालात ठळकपणे होत नाही.

काही वर्षांपूर्वी एका कामाच्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, हाताशी दोन तास मोकळे होते म्हणून मी एका रक्तपेढीत गेलो. २०२० सालच्या नियमदुरुस्तीपासून कायद्याच्या कागदावर 'रक्तपेढी'चे 'रक्तकेंद्र' झाले आहे, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे आणि मला ते अधिक बोलके वाटते. खिडकीवरच्या कारकुनाने मान वर न करता विचारले, "पेशंटचं नाव?" मी म्हटले, "पेशंट कोणी नाही. रक्त द्यायला आलोय." "हो, पण कुणासाठी?" "कुणासाठीच नाही." तेव्हा त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि बऱ्याच सौजन्याने सल्ला दिला, "मग शिबिरात द्या ना काका. इथं डॉक्टर बारानंतर येतात." त्या गृहस्थाच्या वागण्यात उद्धटपणा तिळमात्र नव्हता. त्याच्यापुढच्या नोंदवहीत रुग्णाच्या नावाचा एक रकाना होता, आणि तो कोरा ठेवायची त्याला सवय नव्हती, इतकेच.

त्या रकान्याला इतिहास आहे. एके काळी आपल्या मोठ्या शहरांत रक्त विकणे हा रीतसर पेशा होता. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या पेढीवर जाऊन बाटलीमागे पैसे घेणारे गरीब, आजारी, व्यसनाधीन लोक हा त्या पेढ्यांचा भरवशाचा पुरवठा होता. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी जो निकाल दिला, त्याने केंद्रात आणि राज्यांत रक्तसंक्रमण परिषदा स्थापन करण्याचा हुकूम झाला, आणि १ जानेवारी १९९८ पासून पेशेवर विक्रेत्यांचे रक्त घेणे बंद पडले. हे अत्यंत इष्ट झाले. परंतु विक्रेत्याच्या जागी तातडीने जो माणूस उभा करण्यात आला, तो रुग्णाचा भाऊ, मेहुणा किंवा शेजारी होता. एक पिशवी न्या आणि तिच्या बदली एक पिशवी भरून द्या, असा हा 'बदली रक्ता'चा रिवाज. २००२ च्या राष्ट्रीय रक्तधोरणाने तोही हळूहळू मोडीत काढण्याचे ठरवले, आणि महाराष्ट्रात शिबिरांच्या बळावर ऐच्छिक रक्तदानाचे प्रमाण खरोखरीच मोठे झाले. तरीही "कुणासाठी?" हा प्रश्न खिडकीवरून उठला नाही, आणि कोणाचाही नसलेला, आपल्या पायांनी चालत आलेला दाता तिथे अजून आगंतुकच ठरतो.

रक्तदानाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात बहुधा सगळा दोष लोकांच्या भीतीवर आणि अज्ञानावर टाकलेला असतो. सुईची भीती असते, अशक्तपणा येईल असा समज असतो, हे मला मान्य आहे. पण भित्रा माणूस मुळात घरीच बसतो. माझ्या दृष्टीने मोठे नुकसान त्या माणसाचे, ज्याने भीती गिळली, चप्पल घातली, रांगेत उभा राहिला, आणि ज्याला एका शब्दात वाटेला लावण्यात आले.

तो शब्द बहुधा हिमोग्लोबिनच्या टेबलापाशी उच्चारला जातो. पुष्कळ शिबिरांत अजूनही तिथे मोरचुदाच्या निळ्या द्रावणाचे भांडे ठेवलेले दिसते. द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व १.०५३ ठेवलेले असते. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब त्यात सोडायचा. तो पंधरा सेकंदांत तळाशी गेला, तर डेसिलिटरमागे १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे असे मानून दाता पुढे जातो. थेंब तरंगला किंवा मध्येच घुटमळला, तर दाता बाद. इतकी स्वस्त, इतकी साधी आणि पाहायला इतकी सुंदर परीक्षा वैद्यकात क्वचितच असेल. पण तिचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच असते. किती कमी, याचा आकडा ती सांगत नाही.

आता १२.५ ही मर्यादा स्त्री आणि पुरुष दोघांना एकच आहे. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले, तर वैद्यकाच्या भाषेत तिला रक्तक्षय आहे. म्हणजे जिचा आकडा १२.२ आहे, ती बाई दवाखान्यात निरोगी आणि रक्तदानाच्या मांडवात अपात्र. शिवाय २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या, म्हणजे निम्म्याहून अधिक स्त्रिया तर १२ च्याही अलीकडेच थांबल्या. उरलेल्यांपुढे आणखी उंबरठे आहेत : वजन किमान ४५ किलो हवे, मासिक पाळीचे दिवस वर्ज्य, बाळंतपणानंतर बारा महिने वर्ज्य, मूल अंगावर पीत असेतो वर्ज्य, आणि पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवसांचे अंतर पुरते तिथे स्त्रीला १२० दिवस थांबायचे. यातील एकाही नियमाविरुद्ध माझी तक्रार नाही. जिच्याच अंगात रक्त थोडे, तिच्याकडून ते मागणे हा अधर्म होईल. मला खटकतो तो नियम पाळण्याचा प्रकार.

माझी एक भाची एकोणीस वर्षांची असताना महाविद्यालयातील शिबिरात मैत्रिणींबरोबर गेली होती. थेंब तरंगला. "रक्त कमी आहे, पुढची या," एवढे ऐकवून तिला बाजूला करण्यात आले. तिच्या हाती ना आकडा दिला गेला, ना कशाने कमी याचा एखादा शब्द, ना सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात याची सूचना. मैत्रिणी चहाबिस्किटांच्या टेबलाकडे गेल्या आणि ही दाराशी त्यांच्या पिशव्या सांभाळत उभी राहिली. परीक्षेत नापास झालेल्याला निदान पुन्हा कधी बसायचे ते कळते. तिची समजूत अशी झाली की आपण जन्मभराच्या नापास आहोत, आणि पुढे तिचे हिमोग्लोबिन चांगले वाढल्यावरही ती समजूत बरीच वर्षे कायम राहिली.

तात्पुरती मनाई आणि कायमची मनाई यांतील हा भेद समजावून न सांगणे, ही मला आपल्या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत महाग पडणारी कसूर वाटते. कारण बहुतेक मनाया मुदतीच्या असतात. दात काढला असेल तर सहा महिने, गोंदून घेतले असेल तर बारा महिने, हिवतापातून बरे झाल्यावर तीन महिने, डेंग्यूनंतर सहा, विषमज्वरानंतर बारा. मधुमेहावर केवळ गोळी चालू असून साखर ताब्यात असेल, तर रक्त देता येते. इन्शुलिन घेणाऱ्याला मात्र देता येत नाही. काविळीतही अ आणि ई या जातींची असेल तर बरे झाल्यावर एक वर्ष थांबायचे. ब आणि क या जातींना क्षमा नाही. हा तपशील मार्गदर्शक तत्त्वांत व्यवस्थित लिहिलेला आहे. तो दात्याच्या हाती मुदतीच्या तारखेसह कागदावर का पडू नये, याला शाई महाग झाली याखेरीज दुसरे कारण मला सुचत नाही.

पात्रता ठरवण्याच्या त्या प्रश्नावलीविषयीही दोन शब्द. तिच्यात दात्याच्या खाजगी, अगदी शय्यागृहातल्या वर्तनाचे प्रश्न असतात, आणि ते असणे आवश्यकच आहे. संसर्ग नुकताच झाला असेल, तर प्रयोगशाळेच्या चाचणीत तो काही दिवस सापडत नाही, आणि तेवढ्या अवधीत रुग्णाची भिस्त दात्याच्या खऱ्या उत्तरावर असते. पण हे प्रश्न विचारण्याची जागा कोणती, तर ध्वनिक्षेपकावर देशभक्तिपर गाणी वाजत असलेला मांडव, डाव्या हाताला शेजारी, उजव्या हाताला सासरे, आणि पुढ्यात फॉर्मवर भराभर 'नाही, नाही, नाही' अशा खुणा करीत सुटलेला कार्यकर्ता. अशा ठिकाणी सत्य कोण सांगणार? एक पडदा आणि दोन खुर्च्या एवढ्यावर हे काम भागण्याजोगे आहे. तृतीयपंथी, समलिंगी पुरुष इत्यादींना सरसकट वगळणाऱ्या २०१७ च्या तत्त्वांतील कलमांवर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरकत घेण्यात आली. तो प्रश्न मोठा आहे आणि त्याला स्वतंत्र लेखांक द्यावा लागेल.

आपल्या शिबिरांच्या तिथीही मोठ्या गमतीच्या असतात. रक्तदानापूर्वी चार तासांच्या आत काही खाल्लेले असावे हा नियम, आणि शिबिर भरवायचे ते नवरात्रात किंवा आषाढीला! उपाशीपोटी आलेले उत्साही कार्यकर्ते एक तर परत पाठवावे लागतात, किंवा ते "खाल्लंय" असे ठोकून देतात आणि मग घेरी येऊन त्यांना खाटेवरून उठवत नाही. पाहणारे म्हणतात, बघा, रक्त दिल्याने अशक्तपणा येतो. दोष उपवासाचा आणि नाव रक्तदानाचे.

वेळेचा हिशेब मात्र गमतीचा नाही. सुई लागल्यापासून पिशवी भरायला आठ-दहा मिनिटे, आणि तपासणी, विश्रांती, चहा धरून सारा तासाभराचा मामला, असे आपण सांगतो आणि ते खरे आहे, पण कोणासाठी? केंद्र सरकारच्या नोकराला २०१७ च्या हुकुमान्वये रक्तदानासाठी वर्षातून चार वेळा विशेष नैमित्तिक रजा मिळते, दाखला जोडला की झाले. नाक्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्या गवंड्याला किंवा बाजार समितीतल्या हमालाला ती कोण देणार? उलट नियम असा की लांब पल्ल्याच्या गाडीचा चालक असो की जड अंगमेहनतीचे काम करणारा, त्याने पुढील पाळीपूर्वी चोवीस तासांच्या आत रक्त देऊ नये. नियम त्याच्याच जिवाच्या काळजीपोटी केलेला आहे, पण त्याचा अर्थ असा की ज्या दानाची किंमत कचेरीतल्या माणसाला शून्य पडते, ते हमालाला एका दिवसाच्या, कधी दोन दिवसांच्या मजुरीला पडते. तरीही हमाल रक्त देतात, आणि कित्येकदा पाळीची गोष्ट लपवून देतात.

खेड्यातल्या माणसाची अडचण त्याहून निराळी. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त ठेवण्याची सोय पुष्कळ ठिकाणी झाली आहे आणि बाळंतिणींचे जीव त्यामुळे वाचतात. परंतु कायद्याप्रमाणे ते केवळ साठवण केंद्र असते. त्याने आपल्या मुख्य रक्तकेंद्राकडून पिशव्या आणून शीतकपाटात ठेवायच्या, स्वतः दात्याच्या दंडाला सुई लावायची नाही. रक्त गोळा करण्यास परवाना लागतो, डॉक्टर, तंत्रज्ञ, तपासणीची साधने लागतात, सबब ही मनाईही सकारण आहे. फलित मात्र असे की शीतकपाटाच्या दारात उभ्या असलेल्या धट्ट्याकट्ट्या शेतकऱ्याला सांगावे लागते, जिल्ह्याला जा, नाही तर गावात शिबिर येईल तेव्हा दे.

आणि शिबिरे येतात ती एकदम येतात. प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, गणेशोत्सव आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस! एकाच आठवड्यात एका शहरात इतके रक्त गोळा होते की ते ठेवायचे कुठे हा प्रश्न पडतो. नेहमीच्या पिशवीतील लाल पेशी ३५ दिवस टिकतात, विशेष द्रावण घातले तर ४२, आणि प्लेटलेट अवघे पाच दिवस. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला हे वेळापत्रक ठाऊक नसते. पुढे मे महिना येतो, महाविद्यालये बंद, माणसे गावी, लग्नसराई, उन्हाचा तडाखा, आणि त्याच पेढ्यांतून रुग्णाच्या नातेवाइकांना "तुमच्या गटाचं शिल्लक नाही" असे सांगण्याची पाळी येते. गंमत अशी की २६ जानेवारीला ज्याने रक्त दिले, तो पुरुष २६ एप्रिलला पुन्हा पात्र झालेला असतो, नेमका टंचाईच्या तोंडावर. त्याचे नाव, पत्ता, रक्तगट, दूरध्वनी, सारे पेढीच्या दप्तरात नोंदलेले असते. पण त्याला बोलावणे जात नाही. त्याला हेल्मेट किंवा प्रवासी पिशवी भेट मिळालेली असते, प्रमाणपत्रावर पुढाऱ्याचे छायाचित्र असते, आणि त्याचा पेढीशी संबंध तिथेच संपतो.

बोलावण्याने माणसे येतात, हे आपल्याच मुंबईच्या नावाच्या रक्तगटाने दाखवून दिले आहे. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला हा 'बॉम्बे' गट इतका विरळा, की भारतात दहा हजारांत सुमारे एकाचा असावा असे मानतात, आणि अशा रुग्णाला दुसऱ्या कोणत्याही गटाचे रक्त चालत नाही. म्हणून या दात्यांच्या याद्या जिवापाड जपल्या जातात, त्यांना रात्री-अपरात्री दूरध्वनी जातो, आणि ते शेकडो मैलांवरच्या अनोळखी माणसासाठी उठून येतात. ओ आणि बी गटांच्या दात्यांना असा दूरध्वनी कोणी करून पाहिला आहे काय?

तेव्हा रक्तकेंद्रांच्या चालकांना माझी विनंती अगदी माफक आहे. खिडकीवर एक पाटी लावा, 'रुग्ण नसला तरी चालेल', आणि तिच्याखाली दात्यांसाठीची वेळ लिहा. ज्याला परत पाठवाल त्याच्या हातात कारण, आकडा आणि पुन्हा येण्याची तारीख अशी एक चिठ्ठी द्या. आणि वाचकांना विनंती अशी की येत्या मे महिन्यात, उपवास नसलेल्या एखाद्या दिवशी, पोटभर जेवून जवळच्या रक्तकेंद्रात जावे. परत पाठवले, तर तेवढी चिठ्ठी मागून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

पुढील लेखांकात, दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांविषयी.