बायकांच्या भजनी मंडळाची पहिली पेटी



आमच्या ओळखीच्या एका महिला भजनी मंडळाला ऐन आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी निरोप आला, “पेटी उद्या आम्हालाच लागणार आहे.” पेटी गावातल्या पुरुष मंडळाची. त्यांचंही चुकलं असं नाही, एकादशी त्यांनाही होतीच. बायकांनी नुसत्या टाळांवर भजन केलं. पण पुढच्या मासिक बैठकीत हप्ते आणि कर्ज बाजूला राहिलं, आणि विषय एकच, आपली स्वतःची पेटी घ्यायची.

आम्ही पुण्यात बचत गटांचं काम पाहतो, त्यामुळे “ताई, पुण्यात पेटी केवढ्याला मिळते?” हा प्रश्न आमच्याकडे आला. आमच्यातल्या कुणालाच पेटीतलं कळत नव्हतं. विचारत, ठेचा खात शिकलो. तेच आज सांगतो.

आधी पैशाचं. बचतीच्या पैशाला हात लावायचा नाही, एवढं आम्ही स्पष्ट सांगितलं. बचत गटातल्या सगळ्यांची, पेटी भजन म्हणणाऱ्यांची. म्हणून वेगळी वर्गणी, वेगळी वही. १४ जणींनी महिना १०० रुपये असे ८ महिने दिले, ते झाले ११,२००. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातले ८०० उरले होते. एकूण १२,०००. त्यातले २,००० बाजूला ठेवले, कारण पेटी आणली की सूर लावून घेणं, गवसणी शिवणं, गाडीभाडं हे आलंच. ठरावात हेही लिहिलं की पेटी कुणाच्या घरी राहील आणि एखादी मंडळातून गेली तर तिची वर्गणी परत मिळणार नाही. हे आधी लिहिलेलं बरं असतं. नंतर बोलायला गेलं की मनं दुखावतात.

आता ठेच कुठे लागली ते. याच्या आधी दुसऱ्या एका गटाला आम्हीच एक पेटी घेऊन दिली होती. नवी कोरी, पॉलिश असं की तोंड दिसावं, आणि किंमतही कमी. दुकानात पाच मिनिटं वाजवून पाहिली, पैसे दिले. पहिल्या पावसाळ्यात लाकूड फुगलं, पट्ट्या अडकू लागल्या, भात्यातून वारा जाऊ लागला. दुरुस्त करणाऱ्यानं झाकण उघडून दाखवलं. आत सगळं पातळ प्लाय होतं. तेव्हापासून आम्ही पॉलिश बघतच नाही.

पेटीचं काम तसं सोपं आहे. मागचा भाता हलवला की वारा आतल्या पेटीत साठतो. पट्टी दाबली की तिच्याखालचं भोक उघडतं, वारा पितळेच्या पातळ जिभेवरून जातो, ती थरथरते आणि सूर निघतो. या जिभेला सूर किंवा रीड म्हणतात. गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर नावाजलेले आहेत. जुन्या पेट्यांत जर्मन सूरही सापडतात, आणि ‘जर्मन’ एवढ्या एका शब्दावर विकणारा किंमत वाढवतो. आपल्याला ते ओळखता येत नाही, मग त्याचे पैसे कशाला द्यायचे?

एकेरी सूर म्हणजे एका पट्टीला एक जीभ, दुहेरी म्हणजे दोन. एकेरी पेटी स्वस्त आणि हलकी, पण १४ जणींचे टाळ आणि पखवाज सुरू झाले की ती ऐकूच येत नाही. म्हणून दुहेरी घ्यावी, खर्ज आणि नर अशी जोडी असलेली. तिहेरी सूर नको, कपलरही नको. कपलर म्हणजे एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली पट्टी आपोआप दबते. त्याला वारा जास्त लागतो, आणि शिकणाऱ्या बाईचा हात भाता मारूनच दुखायला लागतो.

सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते स्केल चेंजर न घेतल्यानं. हे जरा नीट ऐका. पुरुष मंडळी बहुतेक काळी एक, पांढरी दोन, काळी दोन अशा पट्टीत गातात. आपण इतकी वर्षं त्यांच्याच पेटीबरोबर, त्यांच्याच पट्टीत गात आलो. त्यामुळे वर गेलं की किंचाळल्यासारखं होतं, खाली आलं की आवाजच निघत नाही, आणि मग आपणच म्हणतो, “माझा गळा काही भजनाचा नाही.” गळा चांगला असतो, पट्टी परकी असते. बहुतेक बायकांना काळी चार, काळी पाच सोपी जाते. विकणारा म्हणतो, पट्टी बदलायची म्हणजे स्केल चेंजर हवाच. त्यात खटका सरकवला की सगळ्या पट्ट्याच सरकतात, म्हणजे बोटं तीच ठेवून सूर वर-खाली करता येतो. पण पेटी जड होते, किंमत फार वाढते आणि बिघडायच्या जागाही वाढतात. आपल्याला एकाच पट्टीत गायचंय. साधी तीन सप्तकांची, पांढरी एकपासून सुरू होणारी ३७ पट्ट्यांची पेटी घ्या. मधल्या काळी चारला सा धरला तर वरचा सा मिळतो, त्याच्यापुढे रे आणि गही मिळतो. भजनाला आणखी काय हवं? अट एकच. शिकणारीनं पहिल्या दिवसापासून काळी चारवरच शिकायचं. पांढरी एकवर शिकली की मग तिला खरोखरच स्केल चेंजर लागतो.

१०,००० मध्ये अशी चांगली दुहेरी पेटी नवी मिळेना, म्हणून जुनी पाहिली. लक्ष्मी रोड, बुधवार पेठेकडची दुकानं पालथी घातली. रविवारी जुन्या बाजारातही गेलो. तिथं पेट्या दिसल्या, पण कुठली पेटी कुणाची आणि उद्या विचारायला जायचं कुणाकडे? तिथून घेतली नाही. शेवटी पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे मिळाली, सागवानी, ९,५०० ला.

तपासताना असं करा. सगळ्या खुंट्या बंद करून भाता मारा. थोड्या वेळानं तो घट्ट लागला पाहिजे. मारतच राहिलात आणि भाता पोकळच लागला तर वारा कुठून तरी जातोय. मग खुंट्या उघडा, पट्टी मात्र दाबू नका. आपोआप सूर निघाला तर खालचं चामडं नीट बसत नाही. नंतर प्रत्येक पट्टी, काळीसुद्धा, एकेक करून हळू दाबा. उशिरा बोलणारी, घरघरणारी, लपलपणारी वेगळी लिहून घ्या. मग मोबाइलवर तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून काळी चार सुरू करा आणि पेटीतली काळी चार दाबा. दोन्हींत लाटा उठल्यासारखं वाटलं तर सूर लावून घ्यावे लागतील. शेवटी झाकण उघडायला लावा. वाळवीची माती, कसर, उंदरानं कुरतडलेलं, स्प्रिंगचा गंज हे आपल्याला घरातल्या कपाटातही ओळखता येतं. उघडायला जो काचकूच करेल त्याच्याकडून घेऊ नका. पावतीवर ‘दुहेरी सूर, सागवान’ असं लिहून घ्या.

आता थोडी गंमत. आपण हे रेडिओवरून बोलतोय ना? याच रेडिओवर, म्हणजे आकाशवाणीवर, १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. पेटीत मींड निघत नाही, बारीक श्रुती येत नाहीत, असं जाणकारांचं म्हणणं. पेटी मुळात आली युरोपातून. पण तोवर ती नाटकात, कीर्तनात, देवळात जाऊन बसली होती. पुढे पुण्याच्या आप्पा जळगावकरांनी पंडित भीमसेन जोशींच्या साथीला हीच पेटी वाजवली.

पेटी आणताना एसटीत मांडीवर किंवा सीटवर ठेवा, उभी-आडवी करू नका, टपावर तर नाहीच. घरी चुलीपासून आणि ओलीच्या भिंतीपासून लांब, पाटावर ठेवा. पावसाळ्यात रोज दहा मिनिटं वाजवा. आणि एक विनंती, खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण झाकण लावून. एका पेटीच्या पट्ट्यांखालून आम्ही चिमटीनं अक्षता काढल्यात, हळदकुंकवानं चिकटलेल्या.

त्या मंडळाची पेटी आता त्यांच्या अध्यक्षताईंच्या घरी असते. दर गुरुवारी चौघी जणी शिकतात. कार्तिकी एकादशीला पुरुष मंडळाचा पखवाजवाला त्यांच्याकडे साथीला आला. येताना त्यानं फोन करून विचारलं, “ताई, तुमची पट्टी कोणती? पखवाज त्यात लावून आणतो.”