वाळूत न राहणारी वाळूमाशी

पनवेल तालुक्यातल्या मोरा गावात एका ओळखीच्या घरच्या गोठ्यात मी पावसाळा ओसरल्यावर एरंडेल लावलेले कागद टांगले होते. भिंतीच्या भेगांजवळ, जमिनीपासून दीड-दोन वीत उंचीवर. सकाळी कागद काढले तेव्हा चिलटे-डासांबरोबर दोन-तीन बारीक, केसाळ, मातकट किडे चिकटलेले दिसले. भिंगाखाली पाहिल्यावर ओळख पटली. ही सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी. घरधन्यांनी डोकावून पाहिले आणि हे तर चिलटच, असे म्हणून ते दूध काढायला बसले.

नावात वाळू असली तरी तिचा वाळूशी संबंध रंगापुरताच. लांबी दोन-तीन मिलिमीटर. बसताना पंख उभे आणि तिरके धरते. फार उडता येत नाही, टुणटुण उड्या मारत सरकते. डासाप्रमाणे हिलाही अंड्यांसाठी रक्त लागते, म्हणून मादीच चावते. मात्र तिच्या अळ्या पाण्यात वाढत नाहीत. भिंतीच्या भेगा, गोठ्यातली ओलसर माती, शेण आणि कुजका पाला हे त्यांचे घर. डबकी बुजवा, पिंपे झाका, कोरडा दिवस पाळा, हे सारे डासांसाठी योग्य. वाळूमाशीला त्याने काहीच होत नाही.

आपल्या देशात या माशीचे नाव जोडले गेले ते काळ्या आजाराशी. या रोगाचा परजीवी १९०३ मध्ये लंडनचे लीशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे वर्णिला, म्हणून तो लीशमानिया डोनोव्हनी. ताप महिनोन्‌महिने राहतो, प्लीहा सुजते आणि उपचार न मिळाल्यास रोगी दगावतो. हा परजीवी पसरवते कोण? कलकत्त्यात १९२४ मध्ये वाळूमाशीच्या पोटात तो वाढताना दिसला. पण चाव्यातून रोग होतो हे सिद्ध होईना, कारण प्रयोगातल्या माश्या त्याआधीच मरत. पुढे स्मिथ आणि सहकाऱ्यांनी त्यांना रक्तानंतर मनुका चोखायला दिल्या. माश्या जगल्या, त्यांच्या पोटात परजीवी बेसुमार वाढले आणि अन्नमार्गाचे तोंड त्यांनी भरून गेले. अशी माशी चावली की परजीवी जखमेत उतरतात. १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वयंसेवकांवर हे दाखवून दिले. एवढा मोठा प्रश्न अखेर मनुक्यांनी सोडवला.

जंगलात हा खेळ वेगळा असतो. दक्षिण अमेरिकेच्या वर्षारण्यात लीशमानियाच्या कितीतरी जाती स्लॉथ, उंदीर अशा प्राण्यांत आणि वाळूमाश्यांत फिरत राहतात. माणूस झाडे तोडायला किंवा वस्ती करायला आत गेला की तोही साखळीत ओढला जातो. आपल्याकडेही केरळच्या अगस्त्यमलाई जंगलात, काणी आदिवासींमध्ये, याच परजीवीमुळे त्वचेवर व्रण होतात. मोऱ्याच्या पूर्वेला दिसणारा सह्याद्रीच दक्षिणेकडे तिथवर गेला आहे.

महाराष्ट्रातला मोठा धडा मात्र परजीवीचा नाही, विषाणूचा आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याला गावाचेच नाव दिले. तो वाळूमाशीत राहतो, आणि प्रयोगात मादीकडून अंड्यांतून पुढच्या पिढीतही गेलेला आढळला आहे. बरीच वर्षे तो किरकोळ समजला गेला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ गेली. विदर्भातही त्याने मुले नेली. सकाळी ताप, नंतर झटके, मग बेशुद्धी. अनेकांना दोन दिवसही मिळत नाहीत. यावर लस नाही, नेमके औषधही नाही. वेळेत मिळालेली शुश्रूषा हाच आधार.

मोऱ्यात माशी सापडली म्हणून मोऱ्यात रोग आहे, असे नव्हे. माशी, रोगजंतू आणि माणूस एकत्र यावे लागतात. पण माशी आधीपासून घरात असेल, तर बाकीच्यांना येण्यापुरतीच जागा उरते. १९५० च्या दशकात हिवतापासाठी घरोघर डीडीटी फवारले गेले तेव्हा काळा आजारही जवळजवळ नाहीसा झाला होता. फवारणी ढिली पडली आणि १९७० च्या दशकात तो बिहारमध्ये परतला. आपण विसरलो तरी ती भेगेत असते.

म्हणून त्या घरी मी एवढेच सांगितले: भेगा लिंपा, शेणाचा ढीग घरापासून दूर न्या, मुलांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपवा, कारण साध्या जाळीतून ही सहज आत येते. आणि तापात मुलाला झटका आला तर उजाडायची वाट पाहू नका. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा गोठ्याची एक भिंत नव्याने लिंपलेली होती. कागद मी दुसऱ्या भिंतीवर टांगले.