हत्तीखान्यापासून मुकुंदराजांपर्यंत

निजामी अमदानीच्या दप्तरात ‘मोमिनाबाद’ म्हणून नोंदले गेलेले, परंतु भाविकांच्या तोंडी सदैव देवीच्याच नावाने वावरणारे बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई ज्याला यथार्थ पाहावयाचे असेल, त्याने जयंती नदीच्या काठच्या हत्तीखान्यापासून पायीच निघावे.

काळा खडक कोरून केलेल्या या शिवलेण्याच्या प्रांगणात दगडी हत्ती उभे आहेत. परळीच्या वैजनाथाशी लग्न लावण्यास निघालेल्या योगेश्वरीचा मुहूर्त टळला, वऱ्हाड हत्तींसह पाषाण झाले आणि देवी येथेच कुमारिका राहिली, अशी आख्यायिका आहे. मार्गशीर्षी पौर्णिमेच्या उत्सवास सह्याद्री ओलांडून कोकणस्थ कुटुंबे आपल्या या कुलस्वामिनीच्या दर्शनास येतात, तेव्हा समुद्रकाठचा आणि मराठवाड्याचा जुना ऋणानुबंध पुन्हा उजळतो. गावातील खोलेश्वराचे देवालय यादवराजा सिंघण याच्या सेनापतीचे नाव आजही धारण करून आहे.

मंदिरांकडून जुन्या वस्तीत वळावे, म्हणजे दासोपंतांच्या वंशजांची थोरले आणि धाकटे अशी दोन देवघरे लागतात. बीदरच्या बादशाही मुलखातील देशपांड्यांच्या घरी 1551 मध्ये जन्मलेल्या, वतनदारीचा मोह सोडून दत्तभक्तीत रमलेल्या आणि 1615 मध्ये येथेच समाधिस्थ झालेल्या या पुरुषाने ‘गीतार्णवा’सारखा अफाट ग्रंथ रचला, परंतु पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी कशी घडते याचा, गहन विषय लोकांसमोर मांडावयाचा झाला तेव्हा सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशी पासोडी, म्हणजे कुणब्याने थंडीवाऱ्यात अंगावर ओढावी तसले जाडेभरडे सुती वस्त्रच, त्याने लेखनपट म्हणून पसरले.

गावाबाहेर डोंगरकपारीत मुकुंदराजांची समाधी आहे. परंपरा त्यांच्या ‘विवेकसिंधू’ या वेदान्तपर मराठी ग्रंथाचा काळ शके 1110, म्हणजे इ.स. 1188, असा सांगते. तो खरा धरल्यास ज्ञानेश्वरीच्या शतकभर आधी, शास्त्रचर्चेवर संस्कृताची सत्ता असताना, वेदान्त मराठीत बोलू लागला होता.

समाधीपाशी बसून दिवसभराची वाट आठवावी. खडक शेताच्या बांधावरचाच, पासोडी कुणब्याच्या अंगावरची आणि भाषा बाजारहाटातली. अंबाजोगाईने आपले सर्वोच्च चिंतन या तीन सामान्य वस्तूंच्या हवाली केले, आणि म्हणूनच येथे येणाऱ्या मराठी माणसाला देवालयात, देवघरात आणि समाधीपाशी कोठेही परकेपणा वाटत नाही.