पुरवण्यांची बटणे आणि आपला अधिकार
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

परीक्षेत मुख्य उत्तरपत्रिका अपुरी पडली की आपण पुरवणी मागून घेतो आणि ती दोऱ्याने मुख्य उत्तरपत्रिकेस बांधतो. इंटरनेट पाहण्यासाठी आपण जो ब्राउझर वापरतो त्यालाही अशाच पुरवण्या जोडता येतात. त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. एखादी पुरवणी मराठी-कन्नड टंकलेखनाची सोय करते, एखादी जाहिराती अडवते, एखादी कठीण शब्दाचा अर्थ सांगते. बहुतेक पुरवण्यांना एक लहानसे बटण असते व ते ब्राउझरच्या वरच्या पट्टीवर, म्हणजे टूलबारवर, पत्त्याच्या चौकटीशेजारी बसते. यांपैकी कोणती बटणे डोळ्यांसमोर असावीत आणि कोणती नसावीत, हे कोणी ठरवावयाचे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही तसाच वाटत होता.

शहापूरमध्ये माझ्या काकांचे स्टेशनरीचे दुकान आहे. गेल्या वर्षी तेथे नवा संगणक आला. जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहार त्यावरच होतात. गिऱ्हाइकांना काही निरोप मराठीत तर काही कन्नडमध्ये धाडावे लागतात, म्हणून लिपी बदलणारी पुरवणी मी बसवली. पण तिचे बटण काही दिसेना. ती बसलीच नाही अशा समजुतीने मी दोनदा काढून पुन्हा बसवली. काका म्हणाले, "जुन्या मशीनवर होतं की रे ते बटण! नवीन घेऊन तोटाच झाला म्हणायचा." अखेरीस पट्टीच्या उजव्या बाजूस, लहान मुलांच्या जोडचित्राच्या तुकड्यासारखे एक चिन्ह दिसले. त्यावर टिचकी मारताच सर्व पुरवण्यांची यादी उघडली. आमचे बटण त्या यादीत निमूटपणे बसले होते!

हे असे का केले असावे, म्हणून मी थोडा मागोवा घेतला. फायरफॉक्स या ब्राउझरची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली आली. टूलबारवरील बटणे उचलून हवी तेथे ठेवण्याची मोकळीक त्यात पहिल्यापासून होती. क्रोम २००८ साली आला व २०१० साली त्यात पुरवण्यांची सोय झाली. त्या वेळी पुष्कळ पुरवण्यांची बटणे पट्टीवर दिसत, तर काहींचे बटणच नसे. अशी पुरवणी आत काम करीत राही आणि मालकाला तिचा पत्ता नसे. यावर उपाय म्हणून मार्च २०१६ च्या ४९ व्या आवृत्तीपासून क्रोमने प्रत्येक पुरवणीला बटण देणे सुरू केले. आपल्या घरात कोण कोण राहते हे घरमालकाला कळावे, हा त्यामागील हेतू. हेतू चांगला होता, पण दहाबारा पुरवण्या असलेल्याची पट्टी भरून जाऊ लागली. तेव्हा २०२० साली क्रोमने जोडचित्राच्या तुकड्याची यादी आणली. नव्याने बसवलेली पुरवणी या यादीत राहते आणि मालकाने टाचणी लावली तरच तिचे बटण पट्टीवर येते. जानेवारी २०२३ मध्ये फायरफॉक्सनेही १०९ व्या आवृत्तीत अशीच यादी आणली.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यात बाजाराचेच तत्त्व दिसेल. दुकानात नजरेच्या उंचीवरची फळी सर्वांत मोलाची. तेथे आपला माल लागावा म्हणून कंपन्यांचे विक्रेते दुकानदाराची मनधरणी करतात. पण फळीवर काय लावायचे ते अखेर दुकानदारच ठरवतो. उद्या प्रत्येक विक्रेता आपल्या हाताने माल मांडू लागला, तर रोज लागणारी वही मागच्या खोलीत जाईल आणि न खपणारी पेने पुढे येतील. टूलबार ही अशीच एक फळी आहे. म्हणूनच क्रोममध्ये एक नियम आहे आणि तो मला फार आवडला. आपले बटण पट्टीवर आहे की नाही एवढे पुरवणीला विचारता येते, पण स्वतःला टाचणी लावून घेता येत नाही. तिने फार तर विनंती करावी. टाचणी मालकाच्या हाती! (कॉलेजच्या प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी संगणकांची व्यवस्था पाहणारा अधिकारी एखादे बटण सक्तीने पट्टीवर ठेवू शकतो. परंतु तेथे मालक तो असतो, आपण नव्हे.)

येथवर वाचून कोणी म्हणेल की प्रश्न मिटला. मीही तसे म्हणून फसलो. काकांच्या संगणकावर लिपीचे तेवढे बटण पट्टीवर ठेवले आणि बाकीची यादीत ढकलली. पट्टी स्वच्छ झाली, काका खूश झाले. त्यानंतर आठवड्याने ते एका संकेतस्थळावर कागदाची रिमे मागवत असताना पडद्यावर सवलतीच्या कुपनांची चौकट उभी राहिली. ती पुरवणी मीच पूर्वी केव्हातरी हौसेने बसवली होती. बटण दिसेनासे झाले म्हणजे ती गेली, असा माझा समज. तिच्या तपशिलात पाहिले तर सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी तिच्याकडे होती. याचा अर्थ, काका त्याच ब्राउझरमधून बँकेचे पान उघडत तेव्हा ते पानही तिला वाचता येण्याजोगे होते. तिने वाचले असे मी म्हणत नाही. पण वाचू शकली असती, आणि ती परवानगी माझ्याच हातून दिली गेली होती, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

तात्पर्य, बटण दिसणे आणि पुरवणी चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानावरची पाटी उतरवली म्हणून आतला व्यवहार थांबत नाही. टाचणीने फक्त पाटीचा प्रश्न सुटतो. आतल्या व्यवहारासाठी परवानगी तपासावी लागते. ऑक्टोबर २०१८ च्या ७० व्या आवृत्तीपासून क्रोममध्ये ही सोय आहे. पुरवणीने सर्व संकेतस्थळांवर काम करावे, ठरावीक संकेतस्थळांवरच करावे, की आपण तिच्यावर टिचकी मारू तेव्हाच करावे, हे आपण निवडू शकतो. यातील तिसरा पर्याय निवडला की बटणाला खरा अर्थ येतो. ते दाबल्याशिवाय पुरवणीला पान वाचता येत नाही.

कृती अगदी सोपी आहे. क्रोममध्ये जोडचित्राच्या तुकड्यावर टिचकी मारावी. यादीतील नावासमोर टाचणीचे चिन्ह असते. ते दाबले की बटण पट्टीवर येते आणि पुन्हा दाबले की यादीत परतते. पट्टीवरील बटणे माऊसने ओढून त्यांचा क्रमही बदलता येतो. फायरफॉक्समध्ये नावाशेजारच्या दातेरी चाकावर टिचकी मारली की बटण पट्टीवर आणण्याचा पर्याय मिळतो. मात्र यादी उघडलीच आहे तर ती शेवटपर्यंत वाचावी. रोज लागणाऱ्या दोनतीन पुरवण्यांना टाचणी लावावी, क्वचित लागणाऱ्या यादीत राहू द्याव्यात आणि ज्यांचे नावही आठवत नाही त्या काढून टाकाव्यात.

मला वाटते, या वादात दोन्ही पक्ष अर्धे बरोबर होते. सर्व काही डोळ्यांसमोर असावे म्हणणाऱ्यांना सुरक्षिततेची काळजी होती आणि सर्व काही आत ठेवावे म्हणणाऱ्यांना सोयीची. एका ठिकाणी पूर्ण यादी आणि बाहेर फक्त मालकाने निवडलेली बटणे, ही तडजोड दोघांचेही समाधान करते. अट एकच, ती यादी मालकाने अधूनमधून उघडून पाहिली पाहिजे. आम्ही आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दुकानाची शिल्लक मोजतो तेव्हाच पुरवण्यांचीही मोजदाद करतो. गेल्या खेपेस काकांनीच विचारले, "यादी बघितलास काय रे?"

यादीत तीनच नावे होती. तिन्ही आमच्या ओळखीची.