साडेनऊ तासांचे तेरा तास

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो यांमधील अंतर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढणे व्यर्थ होय. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा. तो कझाकस्तान-मंगोलियाची वाट न धरता उत्तरेकडे झुकतो, सैबेरियावरून जातो आणि सुमारे ७,८०० किलोमीटर भरतो. एवढे अंतर तोडण्यास २०२२ च्या आरंभी विमानास साडेनऊ तास पुरत. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तेरा तास लागू लागले.

विमान तेच, वैमानिकही तेच. परंतु फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, युरोपीय राष्ट्रांनी आपले आकाश रशियन विमानांना बंद केले आणि रशियाने त्याच नाण्यात परतफेड केली. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्रास आपल्या भूमीवरील आकाशाचे पूर्ण स्वामित्व दिलेले असल्याने याविरुद्ध दाद कोठे मागावयाची? फिनएअरची विमाने मग कधी उत्तर ध्रुवावरून, तर कधी तुर्कस्तान-मध्य आशियाचा वळसा घेऊन टोकियो गाठू लागली. आशियाला सर्वांत जवळचे युरोपीय दार, या एकाच भांडवलावर पंचावन्न लाख वस्तीच्या या देशाने आपला हवाई व्यापार उभारला होता. ते भांडवल काही दिवसांत बुडाले. चिनी कंपन्यांना मात्र सैबेरियाची जवळची वाट मोकळीच राहिली! वाढीव इंधनाचा भार अखेर तिकिटावर पडतो, हे सांगावयास नकोच.

जुन्या वैमानिकांना या वळशाचे नवल वाटले नसेल. सोव्हिएत काळातही सैबेरियाचे आकाश बव्हंशी बंदच असे. म्हणून १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन कंपनीने कोपनहेगनहून अलास्कातील अँकरेजमार्गे टोकियोस ध्रुवीय मार्ग काढला. १९८३ मध्ये फिनएअरने न थांबता, ध्रुवावरूनच, टोकियो गाठण्यास प्रारंभ केला. तेव्हाही तेरा तासच लागत. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेले कोरियन विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे प्राणांस मुकली. चार दशकांच्या यांत्रिक प्रगतीनंतर घड्याळ पुन्हा १९८३ वर येऊन थांबावे, ही गोष्ट विज्ञानाच्या अभिमान्यांनी ध्यानी घेण्याजोगी आहे.

आपल्याकडेही हे नवे नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेस जाणाऱ्यांचा प्रवास लांबला. भारतानेही तसेच प्रत्युत्तर दिले. त्याआधी १९७१ च्या फेब्रुवारीत, ‘गंगा’ विमान पळवून लाहोरला जाळण्यात आल्यावर, भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून उडण्यास मनाई केली होती. तेव्हा कराचीहून ढाक्यास, म्हणजे एकाच राष्ट्राच्या एका भागातून दुसऱ्या भागात, जाणाऱ्या प्रवाशास कोलंबोचा वळसा घ्यावा लागे. त्या वर्षाच्या डिसेंबरात ती दोन राष्ट्रे झाली.