हलकी पुली, हलके फ्लायव्हील

हलकी पुली आणि हलके फ्लायव्हील बसवले की इंजिनाची ताकद वाढते, असे मोटारींचे शौकीन छातीठोकपणे सांगतात. माझ्या मते हे अर्धेच खरे आहे, आणि पुलीच्या बाबतीत उरलेला अर्धा भाग क्रँकशाफ्टच्या जिवावर बेतू शकतो.

ताकद येते जळणाऱ्या इंधनातून. पुली लोखंडाची असो की ॲल्युमिनियमची, सिलिंडरमधला स्फोट तेवढाच. फरक पडतो तो इंजिनाचा वेग वाढताना. कुंभाराच्या चाकाला गती द्यायला जोर लागतो, एकदा गती आली की ते आपले आपण फिरत राहते, फ्लायव्हीलचेही तसेच. गती घेताना ते जी ऊर्जा साठवते, ती तेवढ्यापुरती मोटारीला मिळत नाही. ही ऊर्जा वजनावर अवलंबून असते, आणि ते वजन अक्षापासून किती लांब आहे त्या अंतराच्या वर्गावर. म्हणून कडेचे किलोभर लोखंड काढणे वेगळे आणि मधले काढणे वेगळे.

मी एका साध्या मोटारीचे गणित मांडून पाहिले. फ्लायव्हीलचे ४ किलो लोखंड काढले, तेही अक्षापासून १० सेंटिमीटरवरचे. मोटारीच्या चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर. पहिल्या गियरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे १४ फेरे होतात, आणि हा आकडाही वर्गानेच लागतो. उत्तर आले ८७ किलो! वेग घेण्यापुरते, मोटारीतून एक धष्टपुष्ट माणूस उतरवल्यासारखे. पाचव्या गियरमध्ये चाकामागे इंजिनाचे ३.२ फेरे धरले, तर हेच उत्तर साडेचार किलोंवर येते. पुलीतून ६ सेंटिमीटरवरचे २ किलो काढले तर पहिल्या गियरमध्ये सुमारे १६ किलो, पाचव्यात किलोभरही नाही. महामार्गावर पाचव्या गियरमध्ये ओव्हरटेक करताना हलक्या पुलीचा फरक जाणवला असे कोणी म्हणाले, तर मी विषय बदलतो.

मग डायनोच्या कागदावर वाढलेले हॉर्सपॉवर कुठून येतात? अनेक डायनो जड रोलर किती झपाट्याने वेग घेतो यावरून ताकद काढतात. इंजिनाने स्वतःचेच भाग फिरवण्यात घालवलेला जोर त्यात मोजलाच जात नाही. तो कमी झाला की आकडा वाढतो. एका स्थिर वेगावर धरून मोजले तर ही वाढ नाहीशी होते.

शर्यतीच्या गाडीत मात्र हलकेपणाची किंमत मोठी आहे. लेक्सस एलएफएचे ४.८ लिटरचे दहा सिलिंडरचे इंजिन ०.६ सेकंदात आयडलिंगपासून ९,००० फेऱ्यांवर पोचायचे; काट्याच्या मीटरला ते झेपेना म्हणून डिजिटल मीटर बसवावे लागले. गावात, घाटात गोष्ट उलटी. हलक्या फ्लायव्हीलची गाडी चढावर क्लच सोडताना पटकन बंद पडते, आयडलिंगला थरथरते, एसी लागला की आचके देते. खर्च वाचवायला मूळचे बिडाचे फ्लायव्हील लेथवर पातळ करून घेणारेही आहेत. जास्त फेऱ्यांवर असे बीड फुटू शकते आणि तुकडे बेल हाउसिंग फोडून बाहेर येतात.

पुली हलकी करणे आणि लहान करणे या दोन गोष्टींची गल्लत होते. क्रँकची पुली लहान केली की अल्टरनेटर, वॉटर पंप हळू फिरतात आणि थोडी ताकद खरोखर वाचते. पण ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीची बॅटरी नीट चार्ज होत नाही.

खरा धोका वेगळाच. प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँकशाफ्ट किंचित पिळतो आणि उलगडतो. या पिळाची स्वतःची एक लय असते. स्फोटांची लय तिच्याशी जुळली की पीळ वाढत जातो. १९०५ च्या सुमारास रोल्स-रॉइसच्या तीस हॉर्सपॉवरच्या सहा सिलिंडर गाड्यांचे क्रँकशाफ्ट याच कारणाने मोडत होते. पुढे फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने क्रँकशाफ्टवर घर्षणाने धरलेली तबकडी बसवून हे कंपन जिरवण्याची युक्ती काढली. आज तेच काम बहुतेक वेळा क्रँकची पुली करते. तिच्या मधल्या भागावर रबर आणि रबरावर एक जड कडे असते. पुली काढून समोरून पाहिली तर रबराची काळी रेघ दिसते. ती दिसली की ओळखावे, हे वजन फुकटचे नाही. त्या जागी ॲल्युमिनियमची अखंड पुली लावली तर बेअरिंगे आणि क्रँकवर थेट फिरणाऱ्या ऑइल पंपाचे गियर आधी मार खातात, क्रँकशाफ्टला तडा बहुधा नंतर जातो.